कॅटॅलिस्ट ६५००: दुसऱ्या सुपरवायझरला किती ठाऊक असते?

सिस्को कॅटॅलिस्ट ६५०० या नेटवर्क स्विचच्या चॅसिसमध्ये दोन सुपरवायझर (स्विचचे नियंत्रण करणारी मुख्य कार्डे) बसवले की एक बंद पडताच दुसरा काम हाती घेईल, असे आम्ही बराच काळ गृहीत धरत होतो. त्याला किती वेळ लागेल, हे मात्र कार्डांइतकेच त्यांवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही अवलंबून होते.

हायब्रिड पद्धतीत सुपरवायझरवर कॅटओएस आणि त्यावरच्याच एमएसएफसी या राउटिंग कार्डावर आयओएस, अशा सिस्कोच्या दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम चालत. कॅटओएसमधील हाय अव्हेलेबिलिटी सुरू केली की लेयर २ ची (म्हणजे स्विचिंगची) स्थिती स्टँडबायकडे, म्हणजे राखीव सुपरवायझरकडे, सतत पोहोचत राही आणि स्विचओव्हर (ताबा बदलणे) साधारण १ ते ३ सेकंदांत होई. राउटिंगसाठी मात्र दोन्ही एमएसएफसी चालू ठेवून त्यांच्यात एचएसआरपी (एक राउटर बंद पडल्यास दुसऱ्याने त्याची जागा घेण्याचा प्रोटोकॉल) लावण्याची रीत होती, आणि त्याचा डिफॉल्ट होल्ड टाइम, म्हणजे दुसरा बंद पडला असे मानण्याआधी थांबण्याचा वेळ, १० सेकंदांचा.

नेटिव्ह आयओएसमध्ये सगळ्यासाठी आयओएसची एकच इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) आणि एकच कमांड लाइन आली. ही सोय मला मनापासून आवडली, पण सुरुवातीची काही वर्षे फेलओव्हरच्या बाबतीत ती हायब्रिडच्या मागेच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातल्या आरपीआर (रूट प्रोसेसर रिडंडन्सी) मोडमध्ये स्टँडबाय अर्धवटच बूट झालेला असतो, त्यामुळे ताबा घेताना लाइन कार्डेही नव्याने सुरू होतात आणि २ ते ४ मिनिटे जातात. आरपीआर प्लसमध्ये तो पूर्ण बूट झालेला असतो आणि कार्डे रीलोड होत नाहीत, तरीही डायनॅमिक रूट (इतर राउटरांकडून शिकलेले मार्ग) पुसले जातात व ३० ते ६० सेकंद लागतात.

एका रात्री चाचणीसाठी आम्ही ॲक्टिव्ह सुपरवायझर ओढून काढला. मिनिटभरात पिंग परत येईल अशी अपेक्षा होती, पण कितीतरी वेळ काहीच उत्तर आले नाही. कॉन्फिगरेशनमध्ये आरपीआर प्लस लिहिलेले होते. मात्र दोन्ही सुपरवायझरांवरील इमेज वेगवेगळ्या असल्याने स्विच प्रत्यक्षात आरपीआरमध्येच चालत होता, आणि हे आम्ही आधी तपासलेच नव्हते.

पुढे एसएसओ (स्टेटफुल स्विचओव्हर) हा मोड आल्यावर नेटिव्हमध्येही लेयर २ चा स्विचओव्हर ० ते ३ सेकंदांत होऊ लागला. त्याच्या जोडीला एनएसएफ (नॉनस्टॉप फॉरवर्डिंग) असेल, तर राउटिंग प्रोटोकॉल पुन्हा उभे राहीपर्यंत सीईएफच्या, म्हणजे पॅकेट कुठे पाठवायचे याच्या तयार, तक्त्यावरून पॅकेट पुढे जात राहतात. अर्थात शेजारच्या राउटरलाही एनएसएफ कळत असले पाहिजे, नाहीतर तो शेजारसंबंध तोडून मोकळा होतो.

म्हणून प्रत्येक अपग्रेडनंतर मी ‘शो रिडंडन्सी स्टेट्स’ चालवतो आणि ‘कॉन्फिगर्ड’ व ‘ऑपरेशनल’ या दोन ओळींत एकच मोड दिसतो का, ते पाहतो.