दाणा, काळा आणि घडी

मासिकाच्या कलासंपादकाला ‘प्रोव्होक’ या जुन्या जपानी फोटो-नियतकालिकाचं वेड लागलं की तो आधी फोटोशॉपमधल्या ग्रेनच्या, म्हणजे फोटोतल्या खरखरीत दाण्याच्या पट्टीला हात घालतो. पट्टी उजवीकडे सरकते, पडद्यावर फोटो झकास खरखरीत होतो, आणि अंक छापून येतो तेव्हा पानभर राखाडी पीठ सांडलेलं असतं.

टोकियोतल्या या नियतकालिकाचे १९६८-६९मध्ये जेमतेम तीन अंक निघाले. त्यातले छायाचित्रकार: ताकुमा नाकाहिरा, युताका ताकानाशी, आणि दुसऱ्या अंकापासून दाइदो मोरियामा. त्यांचा दाणा वरून भुरभुरलेला नव्हे. ४०० संवेदनशीलतेची (आयएसओ) फिल्म १६००ची समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, की सावल्यांतला तपशील बुडतो आणि दाणा फुगतो. म्हणजे आधी काहीतरी गमवावं लागतं. संगणकावरही क्रम तोच ठेवावा: कर्व्हने (उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषेने) सावल्या बुडवा, फोटो निर्दयपणे कापा, छपाईच्या मापाला आणा, आणि सगळ्यात शेवटी दाणा. १५० लाइनच्या स्क्रीनला (इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १५० ओळी) ३०० रिझोल्यूशनची (इंचाला ३०० पिक्सेल) फाइल दिली तर छपाईच्या एका ठिपक्याच्या रुंदीत दोनच पिक्सेल येतात. एका पिक्सेलचा दाणा त्यात विरघळून जातो. तो तीन-चार पिक्सेलचा तरी हवा.

काळ्याचं दुखणं वेगळं. छपाईच्या चार शाया सी, एम, वाय, के, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. नुसता के १०० (टक्के) मोठ्या पट्ट्यात पाटीसारखा फिका पडतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा भरीव काळा आर्टपेपरवर शोभतो. वृत्तपत्री कागदावर तेवढीच शाई, चारही मिळून २४० टक्के, नीट वाळत नाही आणि समोरच्या पानावर उठू शकते. त्या काळ्यातून पांढरी बारीक अक्षरं काढायचा मोह तर आवराच. रजिस्टर, म्हणजे चारही शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं की वेलांट्या बुजतात.

खरी चोरण्यासारखी गोष्ट मात्र छायाचित्रकार किकुजी कावादांच्या ‘चिझू’ (नकाशा) या फोटोपुस्तकात आहे. १९६५चं हे पुस्तक, मांडणी कोहेई सुगिउरांची. पानं घडीची, हिरोशिमाच्या अणुबॉम्ब घुमटातले डाग वाचकाने स्वतःच्या हाताने उघडायचे. मासिकात अशी घडी एकदाच परवडते, पण आत वळणारं पान दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवा, नाहीतर ते फुगतं किंवा कटिंगमध्ये कापलं जातं. परफेक्ट बाइंडिंग (कण्याला गोंदाने चिकटवलेली पानं) असेल तर मधल्या खाचेत चेहरा नको.

हे सगळं पाककृतीच्या सदराला लावू नये, हे वेगळं सांगायला नको. आमटी दिसली पाहिजे.

आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) चकचकीत इंकजेटवर पाहून पास करू नका. ज्या कागदावर अंक निघणार, त्याच कागदावर मागा; प्रेसवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.