हात लावल्यानं काय होते जी?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, कारण नागपुरात कुठेही छोटी विमानं लोकांना बघायला ठेवली की मी दोरीपाशी उभा असतो आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, काका, एवढं वाऱ्यावादळात उडते हे, पोट्ट्यानं हात लावला तर काय होते जी?

प्रश्न बरोबरच आहे. आपल्याकडे वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, त्यामुळे नागपूरकराच्या डोक्यात विमान म्हणजे ते गर्जना करत जाणारं फायटर. पण सेसना 152, म्हणजे दोन जणांचं छोटं विमान, रिकामी असताना पाचशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे मारुती 800 पेक्षाही हलकी, आणि पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ. हवेचा जोर पूर्ण पंखावर वाटला जातो हो, तुमच्या कोपराचा एकाच जागी पडतो. शेपटीच्या आडव्या पंखावर टेकून गप्पा मारणारे काका मी किती पाहिले, आणि त्यामागचा हलणारा भाग, एलिव्हेटर, जरासा जरी वाकला तरी उडवणाऱ्याला हातात जाणवतं.

पोचा पडला तर निदान दिसतो तरी. मला भीती न दिसणाऱ्या गोष्टींची. डाव्या पंखाखाली पिटो ट्यूब असते, वेग तिच्यावरून कळतो, आणि बॉडीला डाव्या बाजूला एक बारीक भोक असतं, स्टॅटिक पोर्ट, उंची त्यावरून, आणि वेग मोजायलाही ते लागतंच. लहान पोरांना भोक दिसलं की त्यात काहीतरी घालायचंच असतं, च्युइंगगम म्हणा, स्टिकर म्हणा. 1996 साली पेरूमध्ये एक बोईंग 757 धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहून गेली, रात्रीच्या अंधारात पायलटला ना उंची खरी कळे ना वेग, विमान समुद्रात पडलं आणि 70 जण गेले. तिथे तर टेप लावणारे विमानाची देखभाल करणारेच लोक होते.

प्रोपेलर तर विचारूच नका. चावी बंद आहे म्हणून फिरवून बघतात, फोटोसाठी लटकतात. पण मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, एक वायर तुटलेली असली तर चावी काढूनही इंजिन एखादा झटका मारू शकतं, आणि समोर कोणाचं तरी लेकरू. इथे मी ओरडतो, आणि ओरडणारच.

काच पुसणारे वेगळेच. कौतुकाने रुमाल काढून कोरडीच घासतात, ती काच नसते, प्लॅस्टिक असतं, धुळीने चरे पडतात आणि सूर्य समोर आला की पायलटला त्या चऱ्यांशिवाय काही दिसत नाही.

एकदा एक कॉलेजचा पोरगा पिटोचं लाल कव्हर हातात घेऊन उभा. त्याच्या पट्टीवर इंग्रजीत ठळक लिहिलेलं असतं, उडण्याआधी काढा. मी भडकलो तर म्हणतो, काका, लिहूनच आहे ना काढा म्हणून! यावर काय बोलणार, मला हसूच आलं.

दोऱ्या, बोर्ड, सगळं करून पाहिलं. दोरीखालून पोट्टे जातात आणि वरून आई फोटो काढून राहिली असते. शेवटी फरक पडला तो एका भंगारातल्या प्रोपेलरने. टेबलावर ठेवून दिला, म्हटलं हा वाट्टेल तेवढा हाताळा, उचला, वाजवा. अर्धी गर्दी तिकडेच. माणसाला हात लावायचाच असतो, मग लावू द्या ना कशाला तरी. बाकी प्रत्येक विमानापाशी एक माणूस, तोही मोबाईलमध्ये डोकं न घालणारा, आणि संध्याकाळी गर्दी गेल्यावर बॅटरी घेऊन विमानाभोवती एक पूर्ण फेरी. मागच्या वेळी त्या फेरीत इंजिनाच्या पुढच्या हवेच्या तोंडात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सापडली, नीट घडी करून खोचलेली, जशी काही कचरापेटीच.

तर पुढच्या वेळी या, प्रोपेलरचं टेबल असेलच. फक्त खर्रा बाहेरच संपवून या आणि पन्नी खिशात ठेवा.