शिवणीच्या आतला गुलाबी

मी लंडनला जुने गालिचे दुरुस्त करते. मागच्या महिन्यात एक सिले आला. कॉकेशसमधला प्रकार, बहुतेक काराबाखकडचा समजतात, लव नसलेला, आपल्या सतरंजीसारखा सपाट, पण वीण सुमाखची, म्हणजे रंगीत धागा चार ताण्यांवरून, म्हणजे उभ्या धाग्यांवरून, पुढे न्यायचा, दोन ताण्यांखालून मागे आणायचा, परत चार, अशी प्रत्येक ओळ हाताने गुंडाळत जायची. उलट्या बाजूला सगळी टोकं तशीच लोंबतात, मला ती बाजू जास्त आवडते. बरेचसे सिले दोन अरुंद पट्ट्यांत विणून मधे शिवलेले असतात, आणि त्यावर एस अक्षरासारखे मोठ्ठे आकार, धंद्यात त्यांना ड्रॅगन म्हणतात.

गिऱ्हाइकाचं म्हणणं, दोन्हीकडचे ड्रॅगन जुळत नाहीत, चार सेंटिमीटरचा फरक पडतो, नीट करून द्या. सीनियरने मला न विचारता हो म्हणून टाकलं, याचा राग मला अजून आहे. अहो, विणणारीने एक पट्टी संपवून मग दुसरी विणली, धागे मोजून नक्षी तीच आली, पण ओळ दाबून बसवायचा ठोका जरा सैल पडला की लांबी वाढणारच. त्यात काय दुरुस्त करायचं?

तरी शिवण उसवली. आत कडा बोटभर दुमडलेल्या, आधी कुणीतरी झीज लपवायला केलेलं. घडी उघडली आणि मी सुई खाली ठेवली. वर जो रंग मातकट राखाडी दिसत होता तो आत भडक गुलाबी-जांभळा! शेजारचा मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा मात्र आतबाहेर जवळपास सारखाच. लॅबचा रिपोर्ट आला, फुक्सिन. 1859 मधे फ्रान्समधे निघालेला रासायनिक रंग, उजेडात टिकत नाही. म्हणजे गालिच्याच्या कागदांवर लिहिलेलं अठरावं शतक गेलंच.

वयाचं मला काही वाटलं नाही. पण त्या राखाडीला आम्ही सगळे किती सोबर, किती जुनं म्हणत होतो, आणि तिने तो कधी पाहिलाच नव्हता, तिने नवा कोरा झगझगीत गुलाबी हौसेने लालाशेजारी बसवला होता.

सीनियरला दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने स्वतः फोन लावला. गिऱ्हाईक म्हणालं बरं, जुळवू नका, पण तो गुलाबी परत आत घाला, हॉलमधे डोळ्यात खुपेल. मी घातला. टाके मात्र सैल घेतलेत, पुढच्याला उसवताना धागा तुटू नये म्हणून.