कानाला दडा बसला तेव्हा: माझा अनुभव

डोक्यावरून अंघोळ केली आणि उजव्या कानाला दडा बसला. पाणी गेलं असेल म्हणून मान तिरकी करून बराच वेळ थांबलो, थेंबही आला नाही. आत साचलेला मळच पाण्यानं फुगला होता.

कारण माझ्याच हातातली कापसाची काडी. मळ तयार होतो तो कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात. नळीची कातडी हळूहळू बाहेर सरकते आणि मळालाही सोबत आणते. काडी तोच मळ उलटा पडद्याकडे ठासते. बोंडाला लागलेला पिवळा डाग बघून कान साफ झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

मळ मऊ करायला कानात थेंब घालण्याआधी काही गोष्टी पाहून घेतल्या. कान दुखतो का, वाहतो का, ताप आहे का, पडद्याला पूर्वी भोक पडलंय का, कानाचं ऑपरेशन झालंय का. यातलं एक जरी असेल तर घरी काही घालायचं नाही. दडा बसल्यासारखं वाटून ऐकू येणं एकाएकी कमी झालं आणि मळाचं कारण स्पष्ट नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आतल्या नसेचा त्रास असेल तर उशीर महागात पडतो.

माझ्या बाबतीत यातलं काही नव्हतं. मी साधं ऑलिव्ह ऑइल घेतलं. बाटली पाच मिनिटं मुठीत धरली. तेल गॅसवर तापवायचं नाही, कान भाजतो. गार थेंबानं मात्र चक्कर येते. कुशीवर झोपून दडा बसलेला कान वर. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. ड्रॉपरचं टोक आत न घालता दोन-तीन थेंब सोडले, कानाच्या पुढचा छोटा उंचवटा दोन-चारदा हलका दाबला आणि दहा मिनिटं तसाच पडून राहिलो. उठताना खाली टिश्यू. कानात कापूस कोंबला नाही, तो तेल पिऊन टाकतो. हे दिवसातून तीन वेळा.

दुसऱ्या दिवशी ऐकू येणं आणखी कमी झालं. इथेच बहुतेक लोक घाबरून हेअरपिन उचलतात. मळ भिजला की आधी पसरतो आणि उरलेली फट बुजवतो, म्हणून असं होतं. काही न कोरता थेंब चालू ठेवले. चौथ्या दिवशी उशीवर तपकिरी डाग दिसले, पाचव्या दिवशी जांभई देताना ‘टक्’ झालं आणि पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटला.

पिचकारीनं पाणी मारायचा मोह टाळला. पाणी शरीराइतकं कोमट, सुमारे 37 अंश, नसेल तर भोवळ येते, आणि जोर जास्त झाला तर पडदा फाटू शकतो. ते काम डॉक्टरांचं. कानात मेणबत्ती लावण्याच्या प्रकाराकडे तर वळूच नये: मळ निघत नाही, मेण मात्र आत पडतं.

आठवडाभर थेंब घालूनही कान उघडला नसता तर मळ काढून घ्यायला डॉक्टरांकडेच गेलो असतो. आता बाहेरची पाळी ओल्या फडक्यानं पुसतो. फडकं बोटासकट जिथवर सहज पोचतं तिथवरच.