आजीच्या तोंडची वऱ्हाडी

मालिकेतली आजी अकोला जिल्ह्यातली. कपाशी, सोयाबीन, पीकविम्याचे अडकलेले पैसे, सगळं तिकडचं. आणि सकाळी हातात पडलेल्या पानावर बँकेतल्या प्रसंगात तिचं वाक्य होतं, ‘सायेब, म्या सकाळधरनं बसलीया. माजं पैसं कवा मिळत्याल?’

ही सातारा-कोल्हापूरकडची बोली. तिथल्या माणसाच्या तोंडी ती गोडच लागते. पण पडद्यावर कुठलंही खेडं आलं की हेच ‘म्या’ आणि ‘व्हतं’ चिकटवायची सवय पडून गेली आहे. मी मूर्तिजापूरचा, मालिकेची बोली सांभाळायचं काम माझ्याकडे. लाइट लागायच्या आत दिग्दर्शकांना गाठलं.

“दादा, बाई खेड्यातली आहे एवढं कळलं की झालं. फार तर एखादं ‘बाप्पा’ टाक.”

‘बाप्पा’, ‘पोट्टा’, ‘काहून’ पेरून वऱ्हाडी होत नाही. मला-तुलाचं मले-तुले होतं, ‘येतोय’चं ‘येऊन रायलो’ होतं. उद्याचं काम सांगायचं तर ‘येजो’, ‘सांगजो’. खरी बोली तिथे असते. शिवाय समोरचा बँक अधिकारीही अकोल्याचाच, पण त्याला स्वच्छ पुस्तकी मराठी. बोली फक्त गरिबाच्याच वाट्याला का? आमच्याकडे वकील, प्राध्यापकसुद्धा घरी वऱ्हाडीच बोलतात. ज्या वऱ्हाडात, रिद्धपुरात, लीळाचरित्र लिहिलं गेलं, तिथलं बोलणं अडाणीपणाची खूण म्हणून वापरलेलं मला सहन होत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं, आणि तिथेच बसून प्रसंग पुन्हा लिहिला.

अशी बाई साहेबासमोर आधी शुद्ध बोलायला बघते. म्हणून सुरुवात, ‘साहेब, मी सकाळपासून बसलेली आहे. माझे पैसे कधी मिळतील?’ तो मान वर न करता ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणतो. मग तिचा तोल जातो. ‘तीन दिवसांपासून चकरा मारून रायली मी! मले काय दुसरं काम नाई काय?’ आता तो मान वर करतो आणि त्याचीही भाषा बदलते. ‘मावशी, बसा ना. पाहूनच रायलो मी.’

दिग्दर्शकांनी पान दोनदा वाचलं आणि दोघांना तालमीला बोलावलं.

आजीचं काम करणाऱ्या ताई मुंबईच्या. ‘मले’ त्यांना लगेच जमलं. पण गावची बाई म्हटल्यावर त्या आवाज चढवून, हेल काढून बोलत होत्या. मी म्हटलं, “ताई, तुमच्याच आवाजात बोला. रागावल्यावर तुम्ही जशा बोलता तशाच.” पुढच्या टेकला त्या ‘मले’वर जराही न थांबता पुढे गेल्या, आणि ते वाक्य ऐकताना मला माझ्या मोठ्या आत्याची आठवण झाली.

आधीचे भाग दाखवून झाले होते, त्यांतलं ‘व्हतं’ तसंच राहिलं. पण पुढच्या आठवड्याची पानं संवादलेखकांनी आदल्या रात्रीच पाठवली. खाली विचारलं होतं, “सून गडचिरोलीची दाखवली, तर तिला झाडीबोली द्यावी लागेल ना? कोणी ओळखीचं आहे का?”