दुसरी पसंती

२ मार्च

अर्ज भरला. मुदत रात्री बाराची होती, माझा अर्ज गेला अकरा वाजून एकावन्न मिनिटांनी. त्याआधी दीड तास 'तुम्ही ही निवडणूक का लढवत आहात?' या प्रश्नाखालच्या रिकाम्या चौकटीत पहिलं वाक्य लिहीत आणि खोडत बसले होते.

पद आहे ग्रॅज्युएट स्टुडंट गव्हर्नमेंटच्या, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निवडून दिलेल्या मंडळाच्या, उपाध्यक्षाचं. अध्यक्षपदाला एकच उमेदवार आहे, सचिवपदाला एकही नाही, आणि उपाध्यक्षपदाला आम्ही तिघं. का ते हळूहळू कळलं. आमच्याकडे सिनेटच्या, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधींच्या, सभा उपाध्यक्ष चालवतो, आणि आरोग्यविमा, फी, घरं यांच्या कमिट्यांवर विद्यार्थ्यांतून कोण जाणार तेही तोच ठरवतो. ज्याला काम करायचंय त्याने उपाध्यक्ष व्हावं, ज्याला मिरवायचंय त्याने अध्यक्ष. यंदा मिरवणारा एकच निघाला.

मी का उभी राहिले याचं खरं कारण त्या चौकटीत लिहिलेलं नाही. चार वर्षांपूर्वी ऑगस्टच्या मध्यावर मी इथे, अमेरिकेत, शिकायला आले. घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं लगेच द्यायचं होतं, आणि पहिला स्टायपेंड येणार होता सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी. दीड महिना. आल्यावर दहा दिवस थांबून, पगारासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करा, असं सांगतात. तो येईपर्यंत सगळंच अधांतरी. लॅबमधल्या सीनियरकडे उसने मागायचे ठरवले आणि मागायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यानेच विचारलं, तुझं काही बिनसलंय का. भीड भिकेची बहीण म्हणतात, माझी तर जुळी बहीण.

६ मार्च

आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन आले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि माझी असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं पगारी काम, बरोबर वीस तासांची. उपाध्यक्षाला थोडं मानधन असतं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, मानधन घेतलंस तर ते तास या वीसात मोजावे लागतील, निवडून आलीस की आधी आमच्याकडे ये. म्हणजे अजून मत एक नाही आणि निवडून आल्यावरची अडचण दारात उभी. बाकीच्या दोन उमेदवारांना हा प्रश्न पडण्याचं कारणच नाही. त्यांचा काही दोष नाही, पण मला ते लागलं.

१० मार्च

आज प्रचार. चार इमारती, बावीस लॅब, एक दुखरा गुडघा.

पहिलं दार ठोठावताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दार उघडलं, आतली मुलगी सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या मांडत होती, तिने वर न बघता विचारलं, "युनियनवाली का?" हा प्रश्न दिवसभरात नऊ वेळा आला. दुपारपर्यंत माझं उत्तर घोटून गुळगुळीत झालं होतं. युनियन ती, जी विद्यापीठाशी पगाराचा करार करते आणि वेळ आली तर संप करते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टीएंनी, म्हणजे शिकवणाऱ्या विद्यार्थी-सहाय्यकांनी, १९७० मध्ये संप करून पहिला करार मिळवला. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ४८,००० जण कामावरून उठले आणि वाढ घेऊनच परतले, शेवटचे सहा आठवड्यांनी. आम्ही तसे नाही. आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या फीमधून आलेला थोडा पैसा, परिषदांच्या प्रवासासाठी अनुदान, आणि कमिट्यांवरच्या खुर्च्या. स्टायपेंड वाढवणं आमच्या हातात नाही.

हे शेवटचं वाक्य उमेदवाराने म्हणायचं नसतं, असं माझ्या रूममेटचं मत. ती राज्यशास्त्रात आहे. दुसरा उमेदवार, बिझनेस स्कूलचा, पत्रकावर मोठ्या अक्षरात 'स्टायपेंडवाढ' छापून मोकळा झालाय. मी 'पहिल्या पगारापर्यंत बिनव्याजी उचल' असं लिहिलंय. ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्याला फीच्या निधीतून थोडी रक्कम, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्टायपेंडमधून परतफेड. मोजून बघितलंय, होण्यासारखं आहे. वाचायला मात्र बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं.

पण लोक बोलले. माझं ऐकून घेण्यापेक्षा स्वतःचंच जास्त बोलले, आणि मला तेच सोपं गेलं. एकाचा गाईड दुसऱ्या विद्यापीठात निघालाय, त्याने बरोबर जायचं की पाचव्या वर्षी नवा गाईड शोधायचा, हे सांगणारं कोणी नाही. एकीला विम्यात दातांचं काहीच बसत नाही म्हणून ती एका बाजूनेच चावते. इतिहास विभागातल्या एकाला ग्रंथालय रात्री दहाऐवजी बारापर्यंत उघडं हवंय, एवढंच; त्याने ते तीनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेत होते. वहीत लिहिताना समोरच्याकडे बघावं लागत नाही.

घोटाळा झाला तो शेवटच्या वाक्याशी. 'मला मत दे' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. तिसऱ्या लॅबमध्ये एकाने आपणहून सांगितलं की तो दुसऱ्या उमेदवाराचा मित्र आहे, आणि मी सुटल्यासारखी म्हणाले, "काही हरकत नाही, मला दुसरी पसंती दे." तो खूश झाला. "नक्की!" म्हणाला. आमची मतपत्रिका पसंतीक्रमाची आहे: एक, दोन, तीन असे आकडे टाकायचे. तेव्हापासून मला किल्लीच सापडली. पुढच्या एकोणीस लॅबमध्ये, कोणाचं ठरलेलं असो वा नसो, मी तेच म्हणत गेले. "दुसरी पसंती दिलीस तरी चालेल." सगळे हसून हो म्हणायचे. दुसऱ्या कोणी इतक्या सहज हो म्हणवून घेतलं नसेल.

रात्री रूममेटला हे अभिमानाने सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "पहिली कोणाला मागितलीस?"

१४ मार्च

वादसभा. श्रोते अकरा, त्यातले तीन उमेदवार आम्हीच.

एकच प्रश्न सांगण्यासारखा. कोणीतरी विचारलं, फीचा पैसा तुम्हाला न पटणाऱ्या गटाला द्याल का? बिझनेसवाला म्हणाला, चांगल्या उपक्रमांना देऊ. तिसरी उमेदवार, कायद्याची, हसली. मला उत्तर माहीत होतं कारण आदल्या रात्री वाचलं होतं: सरकारी विद्यापीठात सक्तीच्या फीचं वाटप गटाचं मत पटतं की नाही यावर करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली विस्कॉन्सिनच्या साउथवर्थ खटल्यात हे सांगून ठेवलंय. मी ते बोलायला हात वर केला, कायद्याच्या उमेदवारानेही केला, आणि मी माझा खाली घेतला. तिने तेच सांगितलं, माझ्यापेक्षा नीट. टाळ्या पडल्या. अकरा जणांच्या टाळ्या, पण पडल्या.

परत येताना रॉबर्ट्स रूल्स वाचत होते, सभा चालवायची वेळ आलीच तर. हे नियम ज्याने लिहिले तो हेन्री रॉबर्ट अमेरिकी सैन्यातला इंजिनिअर. १८६३ मध्ये त्याला अचानक चर्चच्या एका सभेचं अध्यक्ष केलं, आणि सभा कशी चालवतात तेच त्याला येत नव्हतं. त्या फजितीतून पुढे १८७६ मध्ये पुस्तक आलं, आणि आज आमचं सिनेटसुद्धा त्यावर चालतं. मला हा माणूस आवडला. फजिती झाल्यावर तेरा वर्षं डोक्यात ठेवून घेणारा.

१९ मार्च

मतदान चालू. एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थ तपासायच्या यंत्रावर, दिवसभर नमुने. फोन उलटा ठेवला.

२१ मार्च

हरले. तिसरी आले.

पहिल्या पसंतीची मतं: कायद्याची उमेदवार ३१८, बिझनेसवाला २८७, मी २४१. कोणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणून सर्वांत मागचा उमेदवार बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. सर्वांत मागे मी. माझ्या २४१ पैकी ९७ तिला गेली, ११९ त्याला, २५ जणांनी पुढे आकडाच टाकला नव्हता. शेवट ४१५ विरुद्ध ४०६. ती नऊ मतांनी निवडून आली.

म्हणजे निकाल माझ्याच मतदारांनी लावला, फक्त माझ्या बाजूने नाही. बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले. मग गाईडचा मेल आला की आकृती तीनमध्ये अक्षांची नावं उलटी पडलीत.

२३ मार्च

निवडणूक कमिटीने मतपत्रिकांची फाइल नावं काढून सगळ्यांसाठी ठेवलीय. उघडायची नाही असं ठरवलं होतं. पावणेबाराला उघडली.

८४६ ओळी. आधी नुसतंच बघत बसले. मग जे बघायला नको होतं ते मोजलं. तिला पहिली पसंती देणाऱ्या ३१८ जणांपैकी २०३ जणांनी दुसरी मला दिलेली. त्याच्या २८७ पैकी १९६ जणांनीही मलाच. लोकांनी शब्द पाळला होता. बावीस लॅब हिंडून मी जे मागितलं ते मला अगदी मोजून मिळालं होतं.

आता जोड्या लावून बघितल्या. फक्त ती आणि मी असतो तर ४३७ विरुद्ध ३७०, मी पुढे. फक्त तो आणि मी, तर ४४४ विरुद्ध ३५८, मीच पुढे. दोनदा तपासलं, सूत्र चुकलेलं नव्हतं. दोघांपैकी कोणाशीही समोरासमोर मी जिंकते आणि तिघांत पहिली बाद होते, कारण बाद कोणाला करायचं हे ठरवताना फक्त पहिली पसंती बघतात. माझी ३९९ दुसऱ्या पसंतीची मतं कोणी उघडून पाहिलीच नाहीत. पाकिटात राहिलेल्या पत्रांसारखी ती त्या फाइलीत पडून आहेत.

रूममेटला उठवलं. ती चिडली नाही, उलट खूश झाली, राज्यशास्त्राची माणसं अशा वेळी खूश होतात. म्हणाली, तू बर्लिंग्टन झालीस. व्हरमाँटमधलं बर्लिंग्टन, २००९, महापौरपदाची निवडणूक. अँडी माँट्रोल इतर प्रत्येकाला एकेकट्याने हरवू शकत होता, पण शेवटच्या तिघांत पहिल्या पसंतीत मागे पडून बाद झाला आणि बॉब किस निवडून आला. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ही पसंतीक्रमाची पद्धत मतदानाने रद्द केली. नंतर कधीतरी परत आणली. अलास्कात २०२२ च्या ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत निक बेगिच यांचंही असंच झालं. आणि समोरासमोर सर्वांना हरवतो तोच खरा विजेता, हा विचार काँडोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच मांडलाय.

"मग त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"राज्यक्रांतीत तुरुंगात मेला. झोप आता."

झोप कुठली. पद्धतीवर राग काढणं सोपं होतं आणि अर्धा तास मी तो काढलाही. तक्रारीचा मेलसुद्धा मनात लिहून झाला, काँडोर्सेसकट. पण पद्धत काय आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, नियमावलीच्या चौथ्या पानावर आहे. बिझनेसवाल्याला स्टायपेंडवाढ देता येणार नव्हती, तरी तो दारात उभा राहून 'मला एक नंबर दे' म्हणत होता. माझ्याकडे देण्यासारखं काहीतरी होतं, आणि मी लोकांना सांगत होते की दुसरा नंबर दिलात तरी चालेल. ते म्हणाले, बरं.

२६ मार्च

कायद्याच्या उमेदवाराचा, आता उपाध्यक्षांचा, मेल आला. सरळ आणि चांगला. बिनव्याजी उचलीची कल्पना तिला करून बघायची आहे, त्यासाठी छोटी कमिटी नेमतेय, सात जणांची, त्यात मी असावं अशी तिची इच्छा. फाइल तिनेही उघडली असणार. तसं लिहिलं नव्हतं, पण 'तुला किती जणांचा पाठिंबा आहे ते मला माहीत आहे' हे वाक्य उगाच येत नाही.

उत्तर लिहायला बसले. 'कुठल्याही भूमिकेत काम करायला आवडेल' असं लिहिलं. रूममेट मागून वाचत होती, ती काहीच बोलली नाही, फक्त नाकाने आवाज केला. ते खोडलं. 'या कमिटीचं अध्यक्षपद मला हवं आहे' असं लिहिलं. वाचून कानशिलं गरम झाली. पुढे 'शक्य असेल तर' जोडलं. काढलं. पुन्हा जोडलं. पुन्हा काढलं. पाणी पिऊन आले.

शेवटी 'शक्य असेल तर' ठेवूनच पाठवला.

उत्तर अजून नाही. उद्या सकाळी सातला एक्सआरडीचा स्लॉट आहे, आणि ग्रंथालयवाल्या त्या इतिहासाच्या मुलाला निकाल काय लागला ते सांगायचं राहिलंय.