दुखणं अंगावर काढणारी माणसं

मंगळवार, रात्र

रजा शिल्लक असताना माणसं तापात कामावर का येतात, हे आज दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

शेजारच्या टेबलावरची ती सकाळी आली तेव्हाच तिचे डोळे लाल होते. शाल गुंडाळून बसली, कितीतरी वेळ एकाच बिलाकडे बघत राहिली. मग गोळी घेतली. तासाभराने जरा तरतरी आली आणि दुपारी पुन्हा हुडहुडी भरली. "घरी जा गं," म्हटलं, तर म्हणाली, "जाईन, पण ही बिलं कोण करणार? परत आले की सगळा ढीग माझ्याच पुढ्यात."

साहेबांनी तिच्या चिकाटीचं कौतुक केलं. मला ते फार लागलं. ही कसली चिकाटी? तिच्या जागी बसणारं दुसरं कोणी नाही, एवढीच गोष्ट आहे.

स्वीडनमधल्या एका अभ्यासात (2000) दर तिघांतल्या एकाने सांगितलं होतं की रजा घ्यायला हवी होती अशा अवस्थेत तो वर्षभरात दोनदा किंवा जास्त वेळा कामावर गेला. सगळ्यात पुढे कोण, तर रुग्णांची काळजी घेणारे आणि शिक्षक. म्हणजे ज्यांच्यापासून इतरांना लागण होणं सगळ्यात वाईट, तेच. आणि ज्यांचं राहिलेलं काम परत त्यांच्याच गळ्यात पडतं, तेही. फ्लूमध्ये पहिले तीन-चार दिवस माणूस सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो. गोळीने ताप उतरतो, पसरणं थांबत नाही.

लंडनच्या सरकारी नोकरांचा 2005 मधला अभ्यास तर धडकी भरवणारा आहे. तब्येत बरी नसूनही एकही रजा न घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराच्या गंभीर घटना, बेताची रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघाल्या. तरी आपण शंभर टक्के हजेरीला बक्षीस देतो!

रोजंदारीवरच्या माणसाचं तर बोलायलाच नको. दिवस बुडाला की पैसे बुडाले. त्याला विश्रांती घे म्हणणाऱ्याने आधी त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीचं बघावं.

आमच्याकडे रजा भरपगारी आहे, म्हणून निदान आमचं दुखणं सुटण्यासारखं आहे. उद्याच्या बैठकीत मी हेच मांडणार: प्रत्येक कामासाठी ते येणारा दुसरा एक माणूस हवा, आणि ते शिकायला त्याला कामाच्या वेळेतच वेळ मिळायला हवा. सुरुवात बिलांपासून करा, मी शिकायला तयार आहे.